गोव्यातल्या देवळांवर मराठी ब्लॉग सुरू करायचा आहे. होस्टिंग कुठलं घ्यावं आणि त्यातून पैसे कसे मिळतील?

तुम्ही वाळपईजवळ राहता, गोव्यातली देवळं, जत्रा आणि काले यांवर मराठीत लिहायचंय, आणि एका होस्टिंग कंपनीची (म्हणजे साइटच्या फाइली ठेवायला सर्व्हरवर भाड्याने जागा देणारीची) चार वर्षांची सवलत आज रात्री संपतेय म्हणून घाई आहे, असं प्रश्नात म्हटलंय. ती सवलत संपू द्या. अशा सवलती सणासुदीला नव्या नावाने परत येतच असतात.

मी फोंड्यात राहतो आणि बराच काळ अशाच विषयावर मराठीत लिहितो, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

जाहिरातीतला आकडा आधी नीट मांडून बघा. 'दरमहा फक्त १४९ रुपये' हा दर बहुधा ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच लागू होतो. म्हणजे ७,१५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे ८,४४० रुपये आजच्या आज. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा दर वेगळा असतो, कित्येकदा दुपटीहून जास्त, आणि तो बारीक अक्षरांत खाली कुठेतरी लिहिलेला असतो. इंटरनेटवर 'सर्वोत्तम होस्टिंग' शोधलंत तर वर येणाऱ्या बहुतेक लेखांत लेखकाला त्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन मिळत असतं. त्यामुळे तो लेख कोणी लिहिला यापेक्षा त्यात नूतनीकरणाचा दर दिलाय का, ते पाहा. दिला नसेल तर पुढे वाचू नका.

माझा सल्ला असा. आज फक्त डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, विकत घ्या आणि ब्लॉगरवर लिहायला लागा. ब्लॉगर गुगलचं आहे, फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, 'https'ने सुरू होणारा सुरक्षित पत्ताही त्यात मिळतो आणि ॲडसेन्सच्या, म्हणजे गुगल पुरवतं त्या, जाहिरातीही लावता येतात. वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर. पण वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट खात्यावर स्वतःच्या जाहिराती लावता येत नाहीत, ते खातं आणि स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेलं वर्डप्रेस यांत गल्लत करू नका.

डोमेनबद्दल मात्र अगदी कडक राहा. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच मोबाइलवर नोंदलेलं हवं. माझ्या ओळखीच्या एका मडगावच्या दुकानदाराची साइट एकाने बनवून दिली आणि डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे दोघांचं बिनसलं तेव्हा दुकानदाराला वर्षानुवर्षं छापलेला पत्ता सोडून नव्या नावाने सुरुवात करावी लागली. होस्टिंगबरोबर 'पहिलं वर्ष डोमेन मोफत' मिळतं तेही मला पसंत नाही, कारण होस्टिंग सोडायची वेळ आली की दोन्ही गाठी एकदम सोडवाव्या लागतात. डोमेन एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे. जमीन तुमच्या नावावर असली की वरचं घर कधीही बदलता येतं.

पुढे वाचक वाढले आणि ब्लॉगर अपुरं वाटू लागलं की साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) घेऊन वर्डप्रेस बसवा. तेव्हा पाहायच्या गोष्टी थोड्याच. सर्व्हर मुंबईत आहे का, कारण तुमचा वाचक इथला आहे. सुरक्षित पत्त्यासाठी लागणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागतात का, मागत असतील तर दुसरीकडे जा, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं. 'अमर्याद' जागेच्या खाली फाइलींच्या संख्येची आणि प्रोसेसरची मर्यादा किती लिहिलीय. कंपनी बॅकअप घेते म्हणाली तरी स्वतःचा वेगळा घ्या, अपड्राफ्टप्लससारख्या प्लगिनने (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरने) तो थेट गुगल ड्राइव्हवर जातो. आणि जत्रेच्या रात्री एकदम गर्दी होते म्हणून कॅशिंगचं, म्हणजे पानं तयार करून साठवून ठेवणारं, प्लगिन आधीच लावून ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्याला होणारा एक त्रास इंग्रजी मार्गदर्शक लेखांत सापडत नाही. वर्डप्रेसमध्ये लेखाचं देवनागरी शीर्षक तसंच पत्त्यात गेलं तर प्रत्येक अक्षराचे, काना-मात्रेचेसुद्धा, टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ-नऊ वर्ण होतात. या भागाची मर्यादा २०० वर्णांची, म्हणजे बावीसेक देवनागरी चिन्हं झाली की पत्ता मध्येच तुटतो. व्हॉट्सॲपवर पाठवला की तो भलताच दिसतो आणि लोक दाबायला घाबरतात. तेव्हा लेख मराठीत, पत्ता मात्र छोटा आणि रोमन लिपीत. फोटोही फोनमधून निघाला तसा चार-पाच एमबीचा चढवू नका, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात आकार कमी करून टाका. डोंगराआडच्या गावात नेटवर्क कसं असतं ते तुम्हा वाळपईकडच्या सत्तरीकरांना मी काय सांगणार!

आता पैशांचं. ॲडसेन्स मराठीला चालतं, कोकणीला नाही. खात्यात १० डॉलर जमले की तुमचा घरचा पत्ता पडताळण्यासाठी पिन टपालाने येतो, म्हणून पत्त्यात वाडा आणि पोस्ट ऑफिसचं नाव नीट लिहा. १०० डॉलर झाल्यावर पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान बँकेकडे निघतात. पण मराठी मजकुरावरच्या जाहिरातींना दर कमी मिळतो आणि १०० डॉलर जमायला नव्या ब्लॉगला फार वेळ लागतो. स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः दाबू नका, घरच्यांनाही सांगू नका, खातं कायमचं बंद होऊ शकतं. या उत्पन्नाच्या भरवशावर हप्ते काढू नयेत, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तुमच्या विषयात खरा पैसा दुसरीकडे आहे. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कितीतरी घराण्यांची कुलदैवतं गोव्यात आहेत. पुण्या-मुंबईतलं एखादं कुटुंब लग्नानंतर कवळ्याला, मंगेशीला किंवा म्हार्दोळला यायचं ठरवतं तेव्हा त्यांना देवळाचा इतिहास नंतर लागतो. आधी हवं असतं ते हे: अग्रशाळेत (देवळाच्या भक्तनिवासात) खोली कशी मिळते, अभिषेकाला किती वाजता पोचायचं, प्रसाद लावायचा (देवाचा कौल घ्यायचा) तर कोणत्या दिवशी, म्हातारी आई बरोबर असेल तर पायऱ्या किती, मोपा विमानतळावरून किंवा मडगाव स्टेशनवरून कसं यायचं. हे सगळं एकाच ठिकाणी, ताजं आणि खात्रीचं मराठीत फारसं मिळत नाही. तुम्ही प्रत्येक देवस्थानच्या कचेरीत जाऊन विचारून लिहिलंत, वर शेवटचं कधी तपासलं ती तारीख घातलीत, तर तुमच्याकडे येणारा वाचक थोडा असेल पण प्रवासाला निघालेला असेल. अशा वाचकासाठी जवळचा होमस्टे, गाडीवाला, शाकाहारी खाणावळ थेट तुम्हाला दरमहा ठरलेली रक्कम देईल. माझं उत्पन्न प्रामुख्याने तिथूनच येतं, ॲडसेन्समधून फार कमी.

पण दोन रेघा आखून घ्या. पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुरावर सुरुवातीलाच 'जाहिरात' असं लिहा. जाहिरात मानक परिषदेचे २०२१चे नियमही तेच सांगतात, आणि अशा दुव्याला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावावी असं गुगलचंही म्हणणं आहे. दुसरं, देवस्थानच्या सेवा किंवा अग्रशाळेच्या खोल्या मध्ये राहून विकू नका. कचेरीचा नंबर द्या आणि बाजूला व्हा. श्रद्धेने आलेल्या माणसाकडून दलाली घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि एकदा लोकांचा विश्वास उडाला की होमस्टेवालाही विचारणार नाही. गाभाऱ्यात फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तिथे बाहेरच्या दीपस्तंभाचा, तळीचा फोटो पुरतो.

मिळालेली रक्कम प्राप्तिकर विवरणात दाखवायची, डॉलरमध्ये आली तरीही. त्यासाठी साधी वही ठेवा.

इंग्रजीत लिहू का, असं शेवटी विचारलंय. दर इंग्रजीत जास्त आहे हे खरं, पण तिथे किनारे आणि हॉटेलांवर लिहिणाऱ्यांची प्रचंड गर्दी आहे. कुलदैवताला यायचं असलेला माणूस मराठीत शोधतो. गुगलचं सर्च कन्सोल हे साधन पहिल्याच दिवशी जोडा, ते फुकट आहे, आणि लोक नेमके कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात ते दर आठवड्याला पाहा. पुढचा लेख त्यातूनच निघेल. जत्रेवरचा लेख मात्र तिथीच्या महिना-दीड महिना आधी चढवा. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते, तर तिचा लेख चैत्राच्या सुरुवातीलाच गुगलच्या हाती पडायला हवा.