चुकीच्या फ्रिक्वेन्सीचे सेन्सर गळ्यात मारले, पैसे परत मिळतील का?

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, सातपूरला नोकरी करते. गाडी माझ्या नावावर आहे, दोन वर्षांची आहे. फेब्रुवारीत माझे दीर गाडी नाशिकमधल्याच एका टायरच्या दुकानात घेऊन गेले आणि चार अलॉय चाकं, चार टायर आणि टायरमधली हवा दाखवणारे चार नवे सेन्सर बसवून आणले. 'जुन्यांची बॅटरी संपत आलीय' असं सांगून सेन्सरचे ११,२०० रुपये वेगळे लावले. जुने सेन्सर पिशवीत घालून परत दिले. बिल दिरांच्या नावावर आहे. त्या दिवसापासून गाडी चालू केली की पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटूनच राहतो. दोन दिवसांत आम्ही व्हॉट्सॲपवर तक्रार केली. दुकानदार आधी म्हणाला, 'दहा-पंधरा किलोमीटर चालवा, आपोआप जाईल.' मग म्हणाला, 'कंपनीत दाखवा.' सर्व्हिस सेंटरने सांगितलं की हे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झचे आहेत, गाडीला ४३३ चे लागतात. वर 'बाहेर काम केलंत, वॉरंटी गेली' असंही ऐकवलं. दुकानदार बिलावरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ दाखवतो. जूनमध्ये समृद्धी महामार्गावर मागच्या टायरची हवा गेली, कळेपर्यंत साइडवॉल (टायरची बाजू) फाटली. सेन्सरचे, टायरचे आणि मनस्तापाचे मिळून एक लाख मागता येतील का?

उत्तर : ताई, सेन्सरचे पैसे मिळायला हवेत आणि माझ्या मते मिळतील. टायरचं अवघड आहे. लाखाचा आकडा आत्ताच डोक्यातून काढा.

आधी दोष नेमका कुठे आहे ते पक्कं करा, कारण पुढची सगळी केस त्यावर उभी राहते. नवा सेन्सर बसवला की त्याचा नंबर गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखून द्यावा लागतो. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर तो स्वतःच ओळखतात. दुकानदाराचं 'दहा-पंधरा किलोमीटर चालवा' हे त्यामुळे अगदीच बनावट नव्हतं. पण फ्रिक्वेन्सीच वेगळी असेल तर दहा काय, दहा हजार किलोमीटर चालवूनही उपयोग नाही. आकाशवाणीचं नाशिक केंद्र ऐकायचंय आणि सुई भलत्याच आकड्यावर, असा तो प्रकार. ३१५ मेगाहर्ट्झचे सेन्सर प्रामुख्याने अमेरिकी आणि जपानी बाजारातल्या गाड्यांना असतात, युरोपात ४३३.९२ चालतं, आणि आपल्याकडे ४३३ ते ४३४ हा पट्टा अशा कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याशिवाय मोकळा आहे. तुमच्या गाडीचे जुने सेन्सर ४३३ चे असणार, ते त्यामुळेच. दोन्ही फ्रिक्वेन्सींवर चालणारे प्रोग्रॅमेबल सेन्सरही मिळतात. म्हणून एवढंच विचारून घ्या, की बसवलेले त्यातले तर नाहीत ना. असतील तर दुकानदाराने ते नीट सेट करून द्यावेत आणि वाद तिथेच संपवावा.

नसतील तर दुकानदाराचा वकील पहिला मुद्दा काय काढेल ते सांगतो : 'माल उत्तम आहे, सेन्सरमध्ये काहीही बिघाड नाही, दुसऱ्या गाडीला लावून दाखवतो.' ऐकायला बिनतोड वाटतं, पण टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली 'दोषा'ची व्याख्या फक्त मोडक्या-तुटक्या मालापुरती नाही. विक्रेत्याने मालाबद्दल जो दावा केला, त्यात माल कमी पडला तरी तो दोषच. शिवाय वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम १६ सांगतं की गिऱ्हाइकाने आपली गरज विक्रेत्याला सांगितली आणि त्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली, तर माल त्या कामाला योग्य असण्याची अट विक्रीत आपोआप येते. गाडी समोर उभी होती, कोणत्या गाडीला बसवायचे हे उघड होतं आणि सेन्सर त्याने निवडले. निवडण्यात आणि बसवण्यात चुकला म्हणजे सेवेतली त्रुटीही आलीच. दिरांनी स्वतः ऑनलाइन सेन्सर मागवून दुकानात फक्त बसवून घेतले असते, तर माझं उत्तर वेगळं असतं.

म्हणून या प्रकरणात तुमच्यापेक्षा तुमचे दीर महत्त्वाचे. 'तुमच्या गाडीला हेच बसतात' हे वाक्य, किंवा त्या अर्थाचं जे काही बोलणं झालं ते त्यांनी ऐकलंय, तुम्ही नाही. त्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल. बिल त्यांच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. ग्राहक कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. तरी तक्रार दोघांच्या नावाने करा, नावावरून घोळ घालायला वाव नको.

'माल परत घेतला जाणार नाही' या ओळीची नाशिकच्या निम्म्या दुकानांना फार हौस आहे. तिचा इथे उपयोग नाही. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत परत घ्यावं लागतं. आणि तुम्ही दोन दिवसांतच मेसेज केला होता. 'चार महिने वापरले, मग आठवण झाली' असं तो म्हणू शकणार नाही. ते चॅट डिलीट करू नका. छापून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं) प्रमाणपत्र सोबत जोडा.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र तुमच्या घरातल्या त्या पिशवीत आहे. सेन्सर म्हणजे व्हॉल्व्हला जोडलेली काळी प्लास्टिकची डबी. बहुतेक डब्यांवर पार्ट नंबरसोबत फ्रिक्वेन्सी छापलेली असते. जुने चार काढून बघा. ४३३ दिसलं की निम्मं काम झालं. मग दुकानदाराला लेखी कळवून, दिवस-वेळ देऊन, तिसऱ्याच एखाद्या दुकानात एक टायर उतरवा. तो आला नाही तरी चालेल, कळवलेलं असणं पुरे. नवा आणि जुना सेन्सर शेजारी ठेवून, आकडे वाचता येतील असा फोटो घ्या. दोन वर्षांच्या गाडीत चारही सेन्सरची बॅटरी एकदम संपत यावी, हे मला तरी पटत नाही. या बॅटऱ्या साधारण पाच ते दहा वर्षं जातात. जुने चालू असतील तर नव्या अलॉयला तेच बसतात का ते विचारा आणि बसवून टाका. नुकसान वाढू न देणं हे तुमचंही काम आहे, आणि जुने चालले तर 'बॅटरी संपली' हा दावाही उघडा पडेल.

आता टायर. तुम्हाला राग येईल, पण दिवा पेटलेला आहे हे तुम्हाला चार महिने माहीत होतं. सेन्सर हवा सांगत नाही हे ठाऊक असताना समृद्धीवर ताशी १२० ला निघण्याआधी गेजने हवा बघायला हवी होती, असं समोरचा वकील म्हणणार आणि ग्राहक आयोगालाही ते पटेल. शिवाय हवा कशामुळे गेली, खिळ्याने की व्हॉल्व्हमधून, हे कोण सांगणार? फाटलेला टायर ठेवला असेल आणि गळती सेन्सरच्या व्हॉल्व्हपाशीच होती असं एखादा जाणकार लिहून देणार असेल, तर हा मुद्दा घाला. नाहीतर टायरचे पैसे मागून सेन्सरची चांगली केस पातळ करू नका. गाडीला स्टेपनी आहे का, तेवढं मात्र बघा. २०२० पासून सेन्सर आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला नियमांनी मुभा दिली आहे. तुमची गाडी तशी असेल तर हे सेन्सर म्हणजे हौसेचा माल नव्हे, हे दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीत ठळक लिहा.

वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरने जे तोंडी सांगितलं ते लेखी मागा, वॉरंटी पुस्तिकेतल्या कलमाच्या क्रमांकासह. बहुतेक वेळा लेखी मागितलं की आवाज खाली येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच. तो आदेश पुढे अपिलात गेला, त्यामुळे त्यावरच सगळी मदार ठेवू नका. पण सेन्सरचा आणि इंजिनाचा संबंध काय, हा प्रश्न त्याशिवायही विचारता येतो. आणि फ्रिक्वेन्सीची नोंद सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) करून घ्या. तोंडी मताला किंमत नाही.

नोटीस साधी मराठीत चालेल, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची मुदत देऊन. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही दुकानदार तिथूनच फोन आला की नरमतात. नाही नरमला तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढा धीर ठेवा. मागणी अशी ठेवा : ११,२०० रुपये व्याजासह, टायर उतरवण्या-बसवण्याचा खर्च, आणि मनस्ताप व तक्रार खर्चापोटी दहा-पंधरा हजार. लाख मागितलेत तर आयोगापुढे तुम्हीच लोभी दिसाल.

दुकानदार मध्येच 'बदलून देतो, सेन्सर आणून द्या' म्हणाला तर द्या, पण आधी प्रत्येक सेन्सरचा फोटो घ्या आणि नंबर लिहून त्याच्या सही-शिक्क्याची पावती घ्या.