लठ्ठपणाशी रोगप्रतिकारक पेशींचा काय संबंध? प्रतिकारशक्ती वाढवली तर वजन आणि शुगर कमी होते का?

नाही होत. "प्रतिकारशक्ती वाढवा" हे ऐकलं की माझं डोकं उठतं, म्हणून लिहितेय.

आमचे आप्पा, म्हणजे थोरले चुलते, कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या तालमीत घडलेले. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, घरी बदाम, तूप, पांढरा रस्सा. पोट सुटलं, शुगर आली, पुढं पायाची जखम चिघळली. घरात सगळ्यांचं एकच, "अंगातली ताकद गेली, प्रतिकारशक्ती वाढवाय पायजे." एका पाहुण्यांनी महागडी पावडर गळ्यात मारली आणि इन्सुलिन नको म्हणून सांगितलं. मी लॅबमध्ये काम करते. जखमेच्या आधीच्या रिपोर्टातही सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा आकडा, चढलेला होता. मी म्हटलं, "आप्पा, पेशी कमी न्हाईत, नको तिथं भांडत बसल्यात." पाहुणे म्हणाले, पोरीला काय कळतंय.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. सडपातळ माणसाच्या चरबीतही मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात, मेलेल्या पेशी उचलतात. टी-रेग या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी दाह आवरून धरतात. चरबीच्या पेशी फार फुगल्या की मरायला लागतात, मॅक्रोफेज त्यांच्याभोवती कडं करतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. त्यानं इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोचत नाही आणि शुगर चढते. लठ्ठ उंदरांच्या चरबीत हा टीएनएफ 1993 मध्ये सापडला. 2003 मध्ये कळलं की तो मुख्यतः मॅक्रोफेजमधून येतो. सडपातळ शरीराच्या चरबीतल्या एकूण पेशींत मॅक्रोफेज 10 टक्क्यांहून कमी, लठ्ठ माणसांत 40 टक्क्यांच्या आसपास. आता यात आणखी काय वाढवायचं?

आप्पांची जखम भरली ती इन्सुलिन आणि रोजच्या ड्रेसिंगनं.

वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. पुरुषाची 90 सेंटीमीटर, बाईची 80 च्या वर गेली की शुगर तपासा. पुण्याचे मधुमेह संशोधक डॉ. याज्ञिक यांनी दाखवलंय, आपली माणसं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबी जास्त असते. रंकाळ्याला फेऱ्या मारा, वजन थोडं उतरलं तरी इन्सुलिन बरं चालतं.

एक सांगायचं राहिलं, सगळा दोष दाहाचा नाही. टीएनएफ रोखणारी औषधं मधुमेहावर चालली नाहीत. आणि शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, हेही खरं. पण त्यावर उपाय शुगर उतरवणं हाच. पावडर घेऊन कुणी आलं तर विचारा, कुठल्या पेशी वाढवणार आणि कुठं? आमच्या पाहुण्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.