गाठ अडीच सेंटिमीटरची आहे, पण बाकीचं लिव्हर कसं आहे?

वडिलांच्या लिव्हरमध्ये अडीच सेंटिमीटरची एकच कॅन्सरची गाठ निघाली, लवकर सापडली म्हणतात, मग किती आशा धरायची, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नव्हे, देवगडला आमची आंब्याची कलमं आहेत. पण काकांच्या वेळी हे सगळं जवळून बघितलं.

कणकवलीहून कोकणकन्येने मुंबईला नेताना मीही नुसते सेंटिमीटर मोजत होतो. डॉक्टरांनी मात्र बोट ठेवलं ते अल्ब्युमिनवर, म्हणजे लिव्हर बनवतं त्या रक्तातल्या प्रथिनावर. कलमातला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, तारेने ओढून काढता येतो, पण खोडच पोखरलेलं असेल तर झाड तगत नाही, तसंच हे. बहुतेकांना हा कॅन्सर सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरमध्ये होतो. म्हणून बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं), अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा आयएनआर, पोटातलं पाणी आणि लिव्हरमुळे होणारा भ्रम या पाचांवरून लिव्हर किती चालतंय याचे गुण काढतात, त्यांना चाइल्ड-प्यू म्हणतात. ५-६ गुण म्हणजे 'ए' गट, सगळ्यात बरा. १० किंवा त्याच्या वर गेलं की गाठ केवढीही असो, अवघड. प्लेटलेट एक लाखाखाली आणि पानथरी (प्लीहा) वाढलेली असेल तर ऑपरेशनआधी दोनदा विचार होतो.

गाठीबद्दल विचारायचं ते हे: एकच आहे ना, आणि रक्तवाहिनीत शिरली आहे का? मोठ्या शिरेत शिरली असेल तर तिला लवकरची म्हणतच नाहीत. बारीक वाहिन्यांतला शिरकाव ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीतच कळतो. एएफपी, म्हणजे या कॅन्सरची रक्तातली खूण, खूप वाढलेला असणं वाईट, पण तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, लहान गाठीत बऱ्याचदा नॉर्मलच असतो.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. गाठ काढली तरी पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना लिव्हरमध्ये पुन्हा गाठ येते. काकांना दोन वर्षांनी आली, पण स्कॅन चुकवला नव्हता म्हणून लहान असतानाच सुई घालून जाळता आली. ट्रान्सप्लांटने गाठ आणि आजारी लिव्हर दोन्ही जातं. एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ च्या आत, हा त्याचा जुना मिलान निकष. तुमचे वडील आकाराने त्यात बसतात, विचारून ठेवा.

दारू असेल तर आजपासून बंद. मूळ हिपॅटायटिस बी निघालं तर गोळ्या एक दिवसही चुकवू नका, आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आमचा चुलतभाऊ त्यातच सापडला. आता दर सहा महिन्यांनी तोही सोनोग्राफीला जातो.