वाचक विचारतात : नोकरी सांभाळून व्यवस्थापनात पीएच.डी.

एमबीए होऊन बरीच वर्षं झाली. ५६ टक्के गुण आहेत, चाकणला कंपनीत नोकरी आहे. नोकरी न सोडता पीएच.डी. करता येईल का? नेट द्यावीच लागते का?
– एक वाचक, पिंपरी

करता येईल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला मुभा आहे आणि पदव्युत्तरला ५५ टक्के ही अट तुम्ही पूर्ण करता. (अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे.) अडतं ते कंपनीच्या ना हरकत प्रमाणपत्राशी. एचआर 'आमची हरकत नाही' एवढं एका ओळीत लिहून मोकळं होतं आणि अर्ज परत येतो. नियमाप्रमाणे पत्रात तीन गोष्टी हव्यात : अर्धवेळ शिक्षणाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (संशोधनाआधीचा ठरलेला अभ्यासक्रम) पूर्ण करायला कामातून मोकळीक देऊ. तिसऱ्या वाक्यावर सही करायला साहेब कचरतात, म्हणून मसुदा आपणच टाइप करून न्यावा आणि जाहिरात यायच्या आधीच मागे लागावं.

नेट द्यावी लागेल की नाही, हे विद्यापीठावर अवलंबून आहे. जून २०२४पासून नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) निकालात 'फक्त पीएच.डी. प्रवेश' असा वेगळा गटही असतो. जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) न मिळालेल्यांसाठी हे गुण प्रवेशाला एक वर्ष चालतात, त्यांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असतो. विद्यापीठ स्वतःची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) घेत असेल तर निम्मी प्रश्नपत्रिका संशोधनपद्धतीवर आणि निम्मी विषयावर असते. विषयात मुरलेले नोकरदार पहिल्या भागात गडगडतात, कारण नमुना निवड, गृहीतकं, चाचण्या यांना एमबीएनंतर हात लागलेला नसतो. त्या वर्षी तुमचं विद्यापीठ काय ग्राह्य धरतं, हे प्रवेशाच्या जाहिरातीतच बघा.

गाइड आधी शोधायचे की विषय आधी ठरवायचा? किती वर्षं धरून चालायचं?
– एक वाचक, सोलापूर

आधी जागा बघा. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा 'सर, जागा आहे का आणि निवृत्ती कधी?' हे विचारायला संकोच नको. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात वाचून मगच भेटा.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात. कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणी केल्यास ८. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षं मिळतात. प्रबंध दिला की काम संपलं असं नाही : दोन बाहेरच्या परीक्षकांचे अनुकूल अहवाल आले की व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे जातो, त्यानेही नाकारला तर प्रबंध फेटाळला जातो.

'पुणे जिल्ह्यातील बँक कर्मचाऱ्यांचे समाधान : एक अभ्यास' असा विषय घेतला आहे. ३८४ जणांकडून गूगल फॉर्म भरून घेतले की पुरे ना? आणि १० टक्के साम्याचा नियम नेमका काय?
– एक वाचक, बारामती

३८४ हा आकडा आपल्याकडच्या प्रबंधांत देवासारखा पुजला जातो. तो येतो कुठून? ९५ टक्के विश्वासपातळी म्हणजे १.९६, प्रमाण ०.५, चूक ५ टक्के धरली, १.९६ चा वर गुणिले ०.२५, भागिले ०.००२५, उत्तर ३८४.१६. (काटेकोर राहायचं तर पुढचा पूर्णांक, ३८५.) पण हे गणित यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढून निवडलेल्या नमुन्याचं आहे. ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून आलेली ३८४ उत्तरं म्हणजे सोयीचा नमुना. त्यावरून 'जिल्ह्यातील कर्मचारी' असा निष्कर्ष काढलात की व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येणार. शाखांची यादी मिळवा, त्यातून चिठ्ठ्या काढून शाखा निवडा आणि तिथे स्वतः जा. शाखेतले सगळे एकाच साहेबाच्या हाताखाली असल्याने उत्तरं एकसारखी येतात, म्हणून संख्या वाढवून धरा. यादी मिळत नसेल तर सोयीचा नमुना आहे हे प्रबंधात लिहा आणि दावा आखडता घ्या. आधी तीस-चाळीस जणांवर प्रश्नावली तपासा. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७च्या खाली आला तर विधानं दुरुस्त करण्याची वेळ तीच. सगळी माहिती गोळा झाल्यावर हा आकडा काढून उपयोग नसतो.

विषयही फार पसरट आहे. समाधान कशामुळे बदलतं, हा प्रश्न हवा. दोन बँकांच्या विलीनीकरणानंतर बदली झालेले आणि न झालेले, अशी तुलना केलीत तरी गृहीतक हाती लागेल.

साम्याचं, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराचं म्हणाल तर यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांपर्यंतच्या ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० टक्क्यांना पुन्हा सादर करायला एक वर्ष बंदी, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांची कलमं मोजणीत धरत नाहीत. साम्य फुगतं ते बहुधा पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, कारण तिथे सारांश आयते उचललेले असतात.

सीए आहे, एम.कॉम. केलेलं नाही. चालेल का?
– एक वाचक, ठाणे

सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट नेटला बसू शकतात, हे यूजीसीने २०२१मध्ये स्पष्ट केलं. पदवी आणि सीए असलेल्यांना कित्येक आयआयएमही अर्ज करू देतात. विद्यापीठाकडून मात्र पात्रतेचं उत्तर लेखी घ्या.

घरबसल्या ऑनलाइन डॉक्टरेट, परदेशी विद्यापीठाची, अशी जाहिरात पाहिली. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

प्राध्यापक होण्यासाठी घेत असाल तर नको. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून शिकवणी कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) यांनी ऑक्टोबर २०२२मध्ये जाहीर केलं आहे. डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) ही अनुभवी अधिकाऱ्यांसाठीची वेगळी पदवी. कंपनीत तिचा मान असू शकतो, पण महाविद्यालयातल्या नेमणुकीत ती पीएच.डी. म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. फी भरण्याआधी 'यूजीसीची मान्यता आहे का' एवढंच ईमेलवर विचारा. उत्तरादाखल फोन आला, लेखी काही आलं नाही, तर पैसे भरू नका.