पातं की कमान?

प्रश्न सहकारनगरच्या एका भाषांतरकार ताईंचा आहे. दिव्यांग धावपटूंच्या जैवयांत्रिकीवरचा लेख त्या मराठीत आणताहेत. पाय गमावलेले धावपटू जे वळणदार कार्बनचं ब्लेड लावून पळतात, त्याला ‘धावपाते’ म्हणावं का, असं त्या विचारतात.

शब्द कानाला गोड आहे, नको म्हणताना जिवावर येतं. पण पातं म्हटलं की डोळ्यापुढे येतं विळ्याचं, पंख्याचं, गवताचं नाहीतर डोळ्याचं. यातलं एकही पातं माणसाचा भार झेलून त्याला पुढे ढकलत नाही. ब्लेड नेमकं तेच करतं. पाऊल टेकलं की दबतं, उचलताना उलगडतं. इंग्रजीने आकार पाहून नाव ठेवलं. आपण काम पाहून ठेवू.

त्या कामाला आपल्याकडे शब्द आहे: कमान. मूळ फारसी, अर्थ धनुष्य. चावीच्या घड्याळात गुंडाळली जाते ती स्प्रिंग म्हणजे कमान, आणि ट्रकखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या म्हणजे कमानपाटे. ब्लेडसुद्धा कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक बसवूनच करतात. कात्रजच्या एखाद्या गॅरेजवाल्याला ते दाखवा, तो पाट्याचीच आठवण काढेल.

एक अडचण मात्र आहे, आणि ती कोर्टकचेरीची आहे. ‘स्प्रिंग किंवा चाकं असलेल्या’ आणि खेळाडूला वरचढ ठरवणाऱ्या साधनांना जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २००७ मध्ये बंदी घातली. त्याच नियमाखाली दोन्ही पायांना ब्लेड लावून पळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसला अडवलं. मे २००८ मध्ये क्रीडा लवादाने त्याच्यावरची बंदी उठवली. चाचण्या झाल्या होत्या सरळ रेषेत पूर्ण वेगाने पळतानाच्या; सुरुवातीला वेग घेताना काय होतं, ते त्यात नव्हतंच. म्हणजे पळणाऱ्याला एकूण फायदा होतो, हे सिद्धच झालं नाही. मग कमान म्हणणं हे आरोप करणाऱ्यांच्या बाजूने बोलणं नाही का? मला नाही वाटत. कमान घेतलं त्याहून थोडं कमीच परत देते, पदरचं काही घालत नाही. उलट हाडामांसाच्या घोट्याला स्नायू असतात, ते जोर लावतात. शिवाय तुमच्याआमच्या तळव्यालाही कमान असतेच, तीही पळताना दबते आणि उसळते. (स्वागतकमानीशी गल्लत होईल म्हणाल, तर ‘धावकमान’ करा.)

हे सगळं मी ज्याला ऐकवलं, तो पोरगा सणस मैदानाच्या पायरीवर बसला होता. ब्लेडला टाच नसते, त्यामुळे उभा राहिला की जागच्या जागी डुलत होता, म्हणून बसला. सॉकेटमधून, म्हणजे ब्लेडच्या वरच्या खोबणीतून, गुडघ्याखालचा उरलेला पाय काढला, घामाने भिजलेला मोजा पिळला आणि पिशवीतून दुसरा पाय काढत म्हणाला, “काका, आमच्यात एक चालायचा पाय अन् एक धावायचा पाय.”

ताई, लेखात पहिल्यांदा ‘धावकमान’ लिहा. पुढे सगळीकडे ‘धावायचा पाय’ चालेल.