गाडी विकली, पण आरसीवर नाव अजून माझंच

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी माझी कार ओळखीतल्या एकाला विकली, पैसे मिळाले, चावी आणि आरसी दिली, फॉर्मवर सह्यापण करून दिल्या. तो म्हणाला नावावर मी करून घेतो. आता माझ्या मोबाइलवर त्याच्या ओव्हरस्पीडिंगचे चलान येतायत आणि फोन केला की नुसतं "करतो करतो". मी काय करू? आणि माझा आवडीचा नंबर त्या गाडीसोबत गेला तो कायमचाच का?

उत्तर: चलान ही त्यातल्या त्यात छोटी गोष्ट आहे हो, मला काळजी वाटते ती अपघाताची. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, चावी कुणाच्या खिशात आहे हे कायदा बघत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये हेच सांगितलं, गाडी पुढे एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती तरी नुकसानभरपाईची जबाबदारी रेकॉर्डवरच्या पहिल्या मालकावर आली. त्यामुळे "करतो करतो" वर अजून एक आठवडासुद्धा घालवू नका.

गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते फॉर्म २९ ने, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा. म्हणजे कळवण्याचं काम तुमचंच होतं, सही करून फॉर्म त्याच्या हातात दिला की आपलं संपलं असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच सगळे फसतात. आता उशीर झालाय तरी आरटीओत लेखी अर्ज द्या, सोबत विक्रीची पावती, डिलिव्हरीची तारीख आणि वेळ, त्याच्या ओळखपत्राची कॉपी जोडा आणि अर्जाची पोच घ्याच. त्यालाही रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा, आणि डिलिव्हरीनंतरच्या चलानांवर हेच कागद लावून तक्रार करा. फास्टॅग तुमच्या खात्याचा असेल तर आजच बंद करा.

त्याला एक गोष्ट जरूर सांगा, कदाचित त्यानेच तो हलेल: विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवा होता, आता गाडीचं नुकसान झालं तर त्याचा क्लेम अडकणार. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुमचा आहे, गाडीचा नाही, विमा कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट घेऊन ठेवा.

नंबरचं म्हणाल तर आपल्याकडे तो सहसा गाडीसोबतच राहतो, मालक बदलला म्हणून बदलत नाही. हाय सिक्युरिटी प्लेटवरचा लेझर कोडसुद्धा त्याच गाडीशी जोडलेला असतो, म्हणून आठवण म्हणून प्लेट काढून ठेवायचा विचार करू नका. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी इथली एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो.

प्रश्न: वडील गेले, कार त्यांच्या नावावर आहे, आम्ही ती विकू शकतो का?

उत्तर: आधी वारसाच्या नावावर करा. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजाही तेव्हाच उतरवून घ्या, नाहीतर विकताना पुन्हा तिथेच अडकाल.