जुनी ऑटोमॅटिक गाडी चालता चालता थांबली, डी मध्ये नुसतं इंजिन रेस होतंय, गिअरबॉक्स गेला का?

गेलाच असेल असं नाही, उतरवायच्या आधी ट्रान्समिशन ऑइल आणि गिअर लिव्हरची केबल बघा. अख्खा गिअरबॉक्स ऑइलच्या प्रेशरवर चालतो, ऑइल गळून कमी झालं की पंप हवा ओढतो, क्लच प्लेट दाबल्याच जात नाहीत आणि गाडी हलत नाही. गिअरबॉक्सचीच कामं करतो म्हणून सांगतो, जुन्या गाडीत केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश तुटतो, आत लिव्हर डी वर दिसतो पण खाली गिअरबॉक्सवरचा आर्म जागचा हललेलाच नसतो, एकाने लिव्हर हलवायचा आणि दुसऱ्याने तो आर्म बघायचा (इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक लावून!).

डिपस्टिक असेल तर ऑइल पांढऱ्या कागदावर टिपून बघा:
- लालसर, स्वच्छ पण कमी: लीक शोधा, भरून बघा
- काळपट, जळका वास: क्लच प्लेट जळल्यात
- गुलाबी दुधाळ: रेडिएटरमधून कूलंट आत शिरलंय, गाडी अजिबात चालवू नका

रिव्हर्स नीट पडतो आणि फक्त डी नाही, तर फॉरवर्ड क्लच (पुढच्या गिअरचा क्लच) नाहीतर व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठल्या क्लचकडे जायचं ते ठरवणारा भाग) बिघडलेली. दोन्हीकडे मेलेली असेल तर पंप, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) किंवा तुटलेला ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारा दांडा). बिघाडाचे कोड वाचायच्या स्कॅनरवर पी०७०० (ट्रान्समिशनमध्ये बिघाड आहे एवढंच सांगणारा कोड) आला तर तो फक्त इशारा असतो, खरा कोड ट्रान्समिशनच्या मॉड्यूलमधून वाचून घ्या.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं आहे, सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा) किंवा एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर आपोआप पडणारा) असेल तर तपासणी वेगळी.